झिजेची जागा

दुरुस्तीला येणारा इम्पेलर, म्हणजे पंख्याचं पात्यांचं चाक, धुऊन पाठवू नका, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो आणि जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक तो धुऊनच पाठवतं. तारेच्या ब्रशनं घासलेला, वर रेड ऑक्साइडचा एक हात मारलेला. हेतू चांगलाच असतो. आपली वस्तू परक्या दारी घाणेरडी जाऊ नये. पण पात्यांच्या बेचक्यात बसलेली राख मला लोखंडाइतकीच हवी असते. ती काळी आहे की करडी, बोटांत चोळल्यावर मऊ लागते की कचकचते, मोकळी आहे की ओली बसून घट्ट झालेली, यावरून निम्मं काम कळतं. धुतलेल्या चाकावर नुसती झीज दिसते. ती कुणी केली ते दिसत नाही.

आमची शेड नसरापूर-वेल्हे रस्त्याला, मार्गासनीजवळ आहे. भोसरीत पंख्यांच्या कामात नोकरी झाली, मग गावी येऊन घरच्या पडीक तुकड्यावर पत्रे टाकले. इथून साखरवरून गुंजवण्याला, राजगडाच्या पायथ्याशी, रस्ता जातो. त्यामुळे शनिवार-रविवारी पुण्याची पोरं वाट विचारायला थांबतात. शेडच्या तोंडाशी दोन मीटर व्यासाचं चाक उभं असलं की एखादा विचारतो, "काका, हे टर्बाइन का?" पंखा आहे म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. पंखा म्हणजे छताला टांगायची वस्तू. त्यासाठी कुणी एवढा खटाटोप करतं हे त्याला खरं वाटत नाही.

साखर कारखान्याच्या बॉयलरला दोन तऱ्हेचे पंखे लागतात. बाहेरची हवा भट्टीत ढकलतो तो एफडी, आणि जळून झालेला धूर ओढून चिमणीकडे लोटतो तो आयडी. आयडी थांबला तर भट्टीच्या दारातून ज्वाळा बाहेर येतात, म्हणून त्याच्याबरोबर बॉयलर थांबवावा लागतो, वाफ थांबते, मिल थांबते आणि तोडलेला ऊस गव्हाणीपाशी वाळत उभा राहतो. वाळणाऱ्या उसातली साखर तासातासानं घटते. गाळप हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो, गव्हाणीत मोळी टाकताना संचालकांचे फोटो निघतात. आयडी पंख्याला हार घातलेला मी अजून पाहिलेला नाही.

दोन मीटरचं हे चाक मिनिटाला ९९० फेरे घेत असेल तर पात्यांची टोकं सेकंदाला १०० मीटरहून जास्त पळतात, म्हणजे ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास. त्या वेगात चाकाच्या कडेवरून १०० ग्रॅम लोखंड एका बाजूनं झिजून गेलं, तर उरलेलं चाक जवळजवळ ११० किलोच्या ओढीनं शाफ्टला हिसके देतं, मिनिटाला ९९० वेळा. पाया हलतो, बेअरिंग तापतं, आणि कंट्रोल रूममधला माणूस व्हायब्रेशनचा आकडा वाढताना बघत बसतो. सगळीकडून सारखी झीज झाली तर चाक बराच काळ सोसतं. पण झीज सारखी होत नाही, आणि वेल्डची कड पोखरली गेली की पातंच सुटण्याची भीती असते. तेवढ्या वेगानं सुटलेलं पातं पंख्याच्या केसिंगला जुमानत नाही.

वाट विचारणारी ती पुण्याची पोरं राजगड उतरून परत आली की नेढ्याबद्दल बोलतात. सुवेळा माचीच्या कातळातून आरपार गेलेलं ते भोक, आणि तिथं बसल्यावर अंगावर येणारा वारा. हजारो वर्षं वाऱ्यानं कोरलं, हे वाक्य ठरलेलं. मी वाद घालत नाही, पण मला ते पटत नाही. नुसता वारा काही कोरत नाही. एकाच बॉयलरचे दोन पंखे शेजारी शेजारी बघा. स्वच्छ हवेवर चालणाऱ्या एफडीच्या पात्यांवर वर्षानुवर्षांनंतरही मूळचा रंग सापडतो. त्याच्याच जोडीच्या आयडीची पाती काही हंगामांत अशी पातळ होतात की कडेवरून बोट फिरवायची हिंमत होत नाही. वाऱ्यात काहीतरी कठीण असावं लागतं. वेल्ह्याच्या पावसात भिजलेल्या गडावर उडायला कोरडी वाळू कुठून येणार? माझा अंदाज असा, की नेढ्याच्या जागी खडकात कच्ची फट असेल, तीत पाणी मुरलं असेल, आणि सैल झालेला भुगा बाहेर नेण्यापुरतंच काम वाऱ्यानं केलं असेल.

आणि आपला काळा दगड या बाबतीत तसा सौम्यच. बेसॉल्टमध्ये मोकळं क्वार्ट्झ जवळजवळ नसतं. क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी. मोहसच्या दहाच्या मोजपट्टीवर ती सातावर आहे आणि साधं पोलाद चार-पाचावर. विदर्भातला कोळसा मात्र वेगळ्या काळातल्या, वेगळ्या खडकांतला. त्याच्यासोबत वाळूदगड येतो. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रांत जळणाऱ्या कोळशात शंभर किलोमागे तीस ते पंचेचाळीस किलो राख असते आणि तिच्यात क्वार्ट्झचे कण असतात. चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी आयडी पंख्याच्या आधी विजेच्या भारानं राख धरून ठेवणारी यंत्रणा असते म्हणून पंखे टिकतात. तिचा एखादा कप्पा बंद पडला की पुढच्या काही आठवड्यांत पात्यांवर त्याची नोंद झालेली असते.

मग ऊस तर गवत. तो पोलाद कसा खातो?

याचं उत्तर कळलं तेव्हा मला खरोखर गंमत वाटली, आणि ते कळायला भोसरीत जायची गरज नव्हती. भातकापणीला बायकांच्या बोटांना जे बारीक चिरे पडतात, उसाच्या पाल्यात शिरताना माणसं अंगभर कपडे घालून का शिरतात, त्यातच ते होतं. भात आणि ऊस ही दोन्ही पिकं जमिनीतून पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका ओढून घेतात. पाणी पानातून उडून जातं, सिलिका मागं राहते आणि पेशींच्या आत काचेसारख्या सूक्ष्म कणांच्या रूपानं साठते. त्यानं पान ताठ राहतं, किडीला चावायला जड जातं. या कणांचा कठीणपणा मोहसच्या पट्टीवर साडेपाच ते साडेसहा, गारगोटीहून कमी पण पोलादाहून जास्त. भाताचं तूस जाळलं तर वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी राख उरते आणि तिच्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिकाच असते. तुसावर चालणाऱ्या बॉयलरचे पंखे म्हणूनच लवकर जातात.

उसाच्या चोथ्यात, म्हणजे बगॅसमध्ये, राख फार नसते. पण रोज ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात साधारण १,४०० ते १,५०० टन बगॅस निघतं. त्यात राख दोन टक्के धरली तरी रोजची २८-३० टन झाली. त्यातली बरीच जाळीवर पडते, बरीच स्क्रबरच्या पाण्यात बसते. उरलेली पंख्यातून जाते. आणि ही झाली स्वच्छ उसाची गोष्ट. परतीचा पाऊस लांबला, रान ओलं असताना तोड सुरू झाली, की उसाबरोबर बुडख्याची माती येते. यंत्रानं तोडलेल्या उसात ती आणखी येते. कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला 'बाह्य पदार्थ' म्हणतात आणि तिची चिंता साखरेच्या उताऱ्यापुरती करतात. तीच माती मिलमधून दळली जाऊन, भट्टीतून तापून, आयडी पंख्यापर्यंत येते. ऑक्टोबरात आमच्या खोऱ्यात पाऊस रेंगाळला की मी भाताबरोबर खाली, बारामती-माळेगावच्या बाजूला काय चाललं असेल याचाही विचार करतो. शेताचा एक भाग दरवर्षी चिमणीतून वर जातो आणि जाता जाता माझ्या पोटापाण्याची सोय करतो.

आता झीज कुठं होते ते. धूर पंख्याच्या डोळ्यातून सरळ आत येतो आणि काटकोनात वळून पात्यांवरून बाहेर फेकला जातो. वायू वळतो, त्यातले जड कण इतक्या चटकन वळत नाहीत. ते सरळ जाऊन मागच्या बॅकप्लेटवर आदळतात आणि तिथून घसरत पात्याच्या मुळाशी गोळा होतात. म्हणून सगळ्यात खोल चर पातं आणि बॅकप्लेट जिथं वेल्डनं जोडलेली असतात नेमका तिथं पडतो, जिथं तो पडू नये. पात्याच्या पसरट भागावर ओहोटीनंतरच्या वाळूवर दिसतात तशा लहरी उमटतात. बोल्टच्या डोक्याभोवती नालाच्या आकाराची खाच पडते. पुढच्या कड्याच्या, म्हणजे श्राउडच्या, कडेला कधी कधी काहीच झालेलं नसतं, कारखान्यात मारलेला नंबर स्वच्छ वाचता येतो.

१९६० साली इयान फिनी या संशोधकानं 'वेअर' या नियतकालिकात या विषयावर एक निबंध लिहिला. आजही धूपझिजेची चर्चा तिथूनच सुरू होते. त्यातलं आणि नंतरच्या कामातलं सार वेल्डरला उपयोगी पडेल असं आहे. मऊ, चिवट धातूवर कण सरळ आदळला तर तो खळगा पाडून परत जातो. तिरपा, वीस ते तीस अंशांनी आला तर छिलका काढून नेतो. कठीण, ठिसूळ पदार्थाचं उलटं. तो तिरप्या माराला हसत तोंड देतो आणि सरळ माराखाली तडकतो. म्हणजे 'कठीण रॉड वापरा' हा सल्ला अर्धाच आहे. कण कुठल्या कोनात येतात ते बघून कठीण कुठं आणि चिवट कुठं हे ठरवायचं असतं. धुतलेल्या चाकाचा मला राग येतो तो यासाठीही.

एकदा एक चाक आलं, त्याची आधी कुठंतरी दुरुस्ती झालेली होती. पात्यांच्या झिजलेल्या जागी क्रोमियम कार्बाइडच्या रॉडनं जाड थर भरला होता. थर छान टिकला होता, त्याचा कणही हलला नव्हता. पण थराची कड उंच राहिली होती. तिच्यावरून जाताना धुराला भोवरा पडला आणि थराच्या मागची साधी प्लेट आरपार गेली. दुरुस्ती शाबूत आणि पातं फुटलेलं, असं ते दृश्य होतं. आमच्याकडे काम करणारा पोरगा साखरचा आहे. गावाचं नाव साखर, पीक भाताचं. तो म्हणाला, "तात्या, ज्यानं केलं त्यानं वेल्डिंग झकास केलंय की." खरं होतं. रनवर रन एकसारखा होता.

मला त्यावरून आमचे आजोबा आठवले. पेरणीआधी ते नांगराचा फाळ लोहाराकडून शेवटून आणत. लोहार झिजलेलं टोक तापवून, त्याला नव्या लोखंडाचा तुकडा जोडून ठोकून देई. वर्षभर तेवढंच टोक झिजायचं आणि बाकीचा नांगर तसाच राहायचा. त्या माणसानं झीज थांबवायचा प्रयत्नच केलेला नव्हता. तिला राहायला एक जागा नेमून दिली होती. पंख्याच्या दुरुस्तीतही हेच करायचं असतं, असं माझं मत बनलं आहे. पात्यावर सगळीकडे चिलखत चढवत बसलं तर वजन वाढतं, मोटर सुरू होताना दमते, शाफ्ट वाकतो. त्यापेक्षा जिथं मार बसतो तिथं वेगळी लायनर प्लेट बसवावी, तिच्या कडा उतरत्या करून पात्यात मिळवून द्याव्यात, आणि मुख्य वेल्डच्या जागेवरून चर दुसरीकडे सरकवावा. लायनर हंगामाअखेर काढून टाकता येतो. बॅकप्लेट काढून टाकता येत नाही.

लायनरसाठी तयार प्लेट मिळते, सहा मिलिमीटर साध्या पोलादावर चार मिलिमीटर कार्बाइडचा थर दिलेली. त्या थरावर आडव्या बारीक भेगा असतात. त्या असायलाच हव्यात. थंड होताना थर आकसतो, ताण मोकळा करायला तो जागोजागी तडकतो, आणि भेग खालच्या चिवट पोलादापाशी थांबते. एका तपासनिसानं अशा प्रत्येक भेगेभोवती खडूनं गोल काढून माल नापास केला होता. मी त्याला चहा पाजला आणि समजावलं. त्यानं चहा घेतला. माल मात्र त्याच्या साहेबानं पास केला.

या धंद्याचं पंचांग मोठं विचित्र आहे. कारखाने गाळपाच्या दिवसांत चाक सोडत नाहीत. हंगाम संपला, यंत्रं उघडली, याद्या झाल्या, मंजुऱ्या आल्या, की चाकं माझ्या दारात येतात जून-जुलैत. म्हणजे नेमकी त्या वेळी, जेव्हा वेल्ह्याच्या खोऱ्यात पाऊस दिवस दिवस हटत नाही, भिंतींना घाम येतो आणि काडेपेटीतल्या काड्या पेटत नाहीत. पात्याचा मूळ जोड ज्या लो-हायड्रोजन रॉडनं करायचा, त्याचा लेप हवेतली ओल शोषतो. त्या ओलीतला हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात शिरतो आणि जोड थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, आतून भेग पाडतो. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून रॉड आधी ओव्हनमध्ये तीनशे अंशांच्या आसपास तास-दोन तास भाजायचे, मग हातातल्या गरम डब्यात ठेवून एकेक काढायचा. वीज गेली की भाजणं पुन्हा पहिल्यापासून. आणि खोऱ्यात पावसाळ्यात वीज जाते, हे मी सांगायला नको. बाहेर लोक आवणाच्या गडबडीत असतात, गुडघाभर चिखलात, आणि शेडमध्ये आम्ही ओलीचा एक थेंब आत येऊ नये म्हणून पडदे लावून बसलेलो. पोरग्याला या दिवसांत सुट्टी हवी असते, घरची लावणी असते. ती द्यावी लागते. चाक थांबतं, तरवा थांबत नाही.

बाकीचं काम त्या मानानं सरळ आहे. जुनी झीज गॉजिंगनं कोरून साफ करायची, लाल रंग आणि पांढरी पावडर मारून भेगा शोधायच्या, जाडी मोजायची. वेल्डिंग समोरासमोरच्या पात्यांवर आळीपाळीनं करायचं, नाहीतर चाक उष्णतेनं एका अंगाला ओढलं जातं. मग बॅलन्सिंग. दोन सपाट पट्ट्यांवर शाफ्ट ठेवला की जड बाजू खाली येते, ती पद्धत अजून पहिल्या अंदाजाला चांगली. पक्कं काम मशिनवर. अशा पंख्यांना जी-६.३ हा दर्जा धरतात. एक टनाच्या, ९९० फेऱ्यांच्या चाकाला त्याचा अर्थ असा, की सगळी तफावत मीटरभर त्रिज्येवर आणून मोजली तर साठ ग्रॅमच्या आसपास चालेल, जास्त नाही. टनभर लोखंड कापून, जोडून, भरून झाल्यावर साठ ग्रॅमसाठी भांडायचं.

भांडण पैशाचंही असतं. फॅब्रिकेशनचा भाव किलोवर ठरतो, ही आपल्याकडची जुनी रीत. दुरुस्तीत चाकाला जेमतेम काही किलोची भर पडते. खरेदी विभागातला माणूस तेवढे किलो गुणिले भाव असा हिशोब मांडून माझ्याकडे बघतो. आम्ही किती लोखंड काढलं, किती तास नुसतं बघत बसलो, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही. आणि हबजवळ भेग सापडली किंवा बॅकप्लेट निम्म्याहून पातळ झाली असली की मी चाक घेतच नाही, भंगारात घाला म्हणतो. तेव्हा तर तपासणीचेही पैसे मिळत नाहीत. वाहतुकीचे मागतात, ते वेगळंच.

मागे एका कारखान्याचा वरचेवर येणारा इम्पेलर बघायला मी जागेवर गेलो. पंखा पूर्ण वेगानं फिरत होता आणि पुढचा डँपर अर्धा मिटलेला होता. इतकी हवा नकोच होती. आधी चाकानं ओढायची आणि मग डँपरनं अडवायची. पाती मात्र पूर्ण वेगाचा मार खात होती. झीज वेगाबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही. वेगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या घाताच्या दरम्यान वाढते. वेग एक पंचमांशानं कमी केला तर झीज निम्म्याच्या जवळपास येते, आणि विजेचाही खर्च साधारण तेवढाच उतरतो. मी तिथल्या इंजिनिअरला म्हटलं, लायनर मी लावीन, पण आधी ड्राइव्ह बसवून वेग उतरवा, डँपर पूर्ण उघडा. त्यानं विजेचा हिशोब वर पाठवला. झिजेचा पाठवला असता तर कुणी वाचला नसता. ड्राइव्ह बसला.

परत येताना पोरगा गाडीत गप्प होता. नसरापूर ओलांडल्यावर म्हणाला, "तात्या, आता त्यांचं चाक आपल्याकडं यायचं कधी?"

म्हटलं, उशिरा येईल. तोवर शिरवळच्या एका फाउंड्रीचा डस्ट कलेक्टरचा पंखा बघायचाय. तिथं शॉट ब्लास्टिंगची धूळ आहे, पाती मधोमध खाल्ली गेलीत. आणि त्यांना आत्ताच फोन करून सांग, चाक धुऊन पाठवू नका म्हणावं. त्यानं फोन लावला. पलीकडून सांगण्यात आलं की चाक कालच धुऊन टेंपोत चढवलंय.